व्यवसायाच्या रकान्यातली आडवी रेघ

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत वधू-वर परिचय मेळावे भरवणाऱ्या सगळ्या समाजांच्या आयोजक मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

खान्देशातलं पत्र असूनही बहिणाबाईंच्या ओळीनं सुरुवात केली नाही, त्याबद्दल आधी माफी मागतो. विषय तेवढा मोठा नाही. तुमच्या परिचय पुस्तिकेतल्या एका रकान्याचा आहे.

मी अमळनेरचा. तबला वाजवतो, तबला शिकवतो, यापलीकडे दुसरं काही करत नाही. गेल्या हिवाळ्यात माझ्या एका शागिर्दाचं नाव नोंदवायला त्याच्यासोबत एका मेळाव्याच्या कार्यालयात गेलो होतो. पोरगा अठ्ठावीस वर्षांचा, बी.ए. झालेला. चौदाव्या वर्षापासून बापाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवतो. सूर बापानं दिला आणि तालासाठी माझ्याकडे पाठवला. टेबलावरचे कार्यकर्ते भले माणूस होते. जन्मवेळ, उंची, मामाकुळ, नाडी, सगळं नीट लिहून घेतलं. मग विचारलं, पोरगा काय करतो. मी सांगितलं, क्लॅरोनेट वाजवतो. ते म्हणाले, "हाई ठीक शे भो, पन पोऱ्या काम काय करस?"

हेच काम, असं मी म्हणालो. ते हसले. मी गंमत केली असं त्यांना वाटलं. चहा पाजला आणि आम्हाला वाटेला लावलं.

महिन्याभरानं पुस्तिका आली. शागिर्दाच्या वरच्या चौकटीत 'खासगी नोकरी, पुणे' होतं. खालच्या चौकटीत 'शेती व जोडधंदा'. आणि मधे आमच्या पोराच्या नावापुढे, व्यवसाय या शब्दानंतर, एक आडवी रेघ. छपाईची चूक असेल म्हणून मी फोन केला. चूक नव्हती. पलीकडून अगदी आपुलकीनं सांगितलं गेलं की बँडवाला असं वाचलं की मुलीकडचे लोक पान उलटतात, त्यापेक्षा कोरं बरं, तुमच्या पोराच्या भल्यासाठीच केलं.

हे खरंच भल्यासाठी केलं यावर माझा विश्वास आहे. म्हणूनच भांडायला न येता पत्र लिहायला बसलो.

त्या मेळाव्यात मी आणखी एका नात्यानं होतो, तेही सांगून टाकतो. उद्घाटनाला चार मुलींनी स्वागतगीत म्हटलं, त्याला तबला माझा होता आणि पेटी माझ्या मित्राची. आदल्या दोन संध्याकाळी तालीम झाली. मेळावा संपल्यावर मंडपवाल्यानं बिल दिलं, केटररनं दिलं, फ्लेक्सवाल्यानं दिलं, साऊंडवाल्यानं तर आधीच इसार घेतला होता. आम्हाला शाल आणि श्रीफळ मिळालं. आभार मानताना 'मोलाचे सहकार्य' असा उल्लेख झाला. ज्या माईकमधून आमचा तबला ऐकू गेला त्या माईकचं भाडं ठरलेलं होतं. तबल्याचं काही ठरलेलं नव्हतं. कुणी मुद्दाम केलं नाही, मला माहीत आहे. कुणाला सुचलंच नाही.

ते का सुचत नाही, यावर मी बरीच वर्षं विचार केलाय. मी नववीत असताना वडिलांना म्हणालो होतो की मला तबलाच वाजवायचा आहे. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "आपल्यात कोणी वाजवत नाही." हे वाक्य तुमच्यापैकी प्रत्येकाच्या घरात कधी ना कधी बोललं गेलेलं आहे. 'आपल्यात' म्हणजे आपल्या जातीत. जुन्या गावगाड्यात वाजवणं वाटून दिलेलं होतं. देवळापुढची सनई गुरवाची, डफ आणि हलगी मातंगांची. त्यांनी वाजवायचं, मंडपाबाहेर उभं राहायचं, पंगत उठल्यावर जेवायचं आणि सुगीला धान्य मागायला यायचं. ते काम म्हणून कुणी मोजलं नाही, तो त्यांचा धर्म म्हणून मोजला. मग बिगरवाजवणाऱ्या घरातल्या माझ्यासारख्यानं तबला धरला की त्याचा छंद होतो. छंद म्हटलं की पैसे मागणं शोभत नाही. माझ्या शागिर्दाच्या बापानं क्लॅरोनेट धरलं तर तो वाजंत्री, आणि वाजंत्री म्हटलं की पैसे द्यायचे, पण वरून टाकल्यासारखे. एकाला शाल, दुसऱ्याला ओवाळून टाकलेली नोट. काम हा शब्द दोघांच्याही वाट्याला येत नाही.

त्या नोटेबद्दल दोन ओळी जास्त लिहितो, कारण ती तुम्ही वरातीच्या आतून पाहिली आहे आणि माझ्या पोरानं बाहेरून. मे महिना, दुपारचे साडेबारा, आपल्याकडचं ४४-४५ अंशांचं ऊन. अंगात बंद गळ्याचा लाल कोट, डोक्यावर तुरा. मुहूर्त अकराचा होता, पण नवरदेवाच्या मित्रांचं नाचणं संपत नाही, म्हणून वरात पारापाशी तासभर अडकलेली. क्लॅरोनेटची पत्ती ओठाला घासून ओठ फुटलेला. अशा वेळी नवरदेवाचा मामा दहाची नोट दातात धरून येतो आणि क्लॅरोनेटवाल्यानं वाजवणं न थांबवता ती एका हातानं काढून घ्यावी असा त्याचा आग्रह असतो. क्लॅरोनेट एका हातानं वाजत नाही. दोन्ही हातांची बोटं भोकांवर आणि चाव्यांवर असतात. हे मामाला माहीत नसतं, आणि सांगायला पोराचं तोंड मोकळं नसतं. मग तो डाव्या हातात बसतील तेवढेच सूर धरून उजव्या हातानं नोट घेतो. लोकांना वाटतं, काय मजा आली. मला ऐकू येतं की चाल तिथे अर्धी झाली.

आता हिशेब. तुम्ही मंडळी व्यवहाराची, त्यामुळे माझी गेल्या वर्षाची वही तुमच्यापुढे उघडी ठेवतो. क्लासला सव्वीस मुलं, महिन्याला सहाशे रुपये, वर्षातले दहा महिने. झाले १,५६,०००. हळदी आणि लग्नातल्या संगीताचे एकतीस कार्यक्रम, सरासरी अडीच हजारांनी ७७,५००. चार गावचे सप्ताह, प्रत्येकी सात हजार, म्हणजे २८,०००. गणपती आणि नवरात्र मिळून ४०,०००. एकूण ३,०१,५००. यातून तबल्याच्या पुड्या, म्हणजे वरची कातडी, बदलणं, पेट्रोल, माईक-वायरची दुरुस्ती असे ४६,००० वजा करा. हातात २,५५,५०० उरले, म्हणजे महिन्याला एकवीस हजारांच्या वर. तुमच्याच पुस्तिकेत 'नोकरी, कंपनीत' असं लिहिलेली पोरं ठेकेदाराकडे बारा-चौदा हजारांवर आहेत, हे त्यांनी स्वतः मला सांगितलंय. त्यांना कमी लेखायचं नाही. पण त्यांचा रकाना भरलेला आहे आणि आमच्यापुढे रेघ आहे, एवढंच दाखवतोय.

या हिशेबात रियाज धरलेला नाही. तो कुणी धरत नाही, मीही नाही. पहाटेचे दोन तास गेली बावीस वर्षं. गंधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून सुरू होतात. दोन प्रवेशिका, दोन मध्यमा आणि मग विशारदचे दोन टप्पे. सात परीक्षा होतात तेव्हा कुठे माणूस विशारद म्हणवतो. पुढे अलंकार वेगळाच. डी.एड. याहून कमी वेळात होतं. (दहावीला शास्त्रीय संगीताच्या परीक्षेचे वाढीव गुण मिळतात, म्हणून तुमच्यातले कितीतरी पालक मुलांना माझ्याकडे पाठवतात. गुण मिळाले की डग्गा माळ्यावर जातो. जाऊ दे. तेवढ्यावर माझं घर चालतं.)

उत्पन्न ठराविक नाही हा तुमचा पहिला आक्षेप असणार. मान्य. तुळशीच्या लग्नानंतर मोसम उघडतो, चैत्र-वैशाखात कळस होतो. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आसपास एका तिथीला तीन-तीन ठिकाणची सुपारी येते. गुरू-शुक्राचा अस्त लागला की सगळं ठप्प. श्रावणात घरोघरी कानबाई देवी बसते, रात्रभर गाणी, सकाळी वाजतगाजत विसर्जन. मग गणपती, गरबा, कार्तिकात काकडा. पावसाळ्यात तबल्याची पुडी उतरते, उन्हाळ्यात चढते. आमचं पोटही तसंच उतरतं-चढतं. पण मंडळी, तुम्ही ज्यांची स्थळं मोठ्या अक्षरात छापता ते रावेर-यावलचे केळीवाले तरी दर महिन्याच्या एक तारखेला पगार घेतात का? जूनच्या तोंडाशी एक वावटळ येते आणि घडाला आलेली बाग आडवी होते. कापसाचा भाव खेडा खरेदीच्या दिवशी काय असेल हे कापूस पिकवणाऱ्याला माहीत नसतं. तरी त्याच्या रकान्यात शेती लिहिता की नाही?

इथे तुम्ही म्हणाल की शेतकरी पोरालाही आता मुली मिळत नाहीत. खरंय. मुलाच्या नावावर पाच एकर बागायत हवी, पण मुलगा शेतात जाणारा नको, हे आपल्या भागात राजरोस चालू आहे. तसंच दारात बँड हवा, जावई बँडवाला नको. या बाबतीत शेतकरी आणि आम्ही एका पंगतीचे. फरक इतकाच की त्याला नकार देण्याआधी त्याचं काम निदान छापलं जातं.

सरकार काय म्हणतं तेही पाहून घेतलं, कारण तुमच्या कमिटीत एखादे वकीलसाहेब असतातच. केंद्र सरकारच्या २०१५ च्या राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणात २६५२ या क्रमांकावर वादक, गायक आणि संगीतकारांचा गट आहे. या आकड्यातला पहिला दोन म्हणजे डॉक्टर, इंजिनिअर, शिक्षक यांचा विभाग. वकीलसाहेब तर पहिल्या दोन आकड्यांपर्यंत, म्हणजे सव्वीसपर्यंत, आमच्या सोबत आहेत, पुढे वाटा वेगळ्या होतात. त्यांना माझा विशेष नमस्कार. जीएसटीतही लोककला आणि शास्त्रीय कलांच्या कार्यक्रमांना वेगळी सूट आहे, एका कार्यक्रमाचं मानधन दीड लाखांपर्यंत असेल तर कर नाही. माझी दीड लाखाशी अजून गाठ पडलेली नाही. पण करातून सूट द्यायची तर आधी धंदा मानावा लागतो, एवढं मला कळतं. राज्य सरकार पन्नाशी ओलांडलेल्या गरजू कलावंतांना महिना पाच हजारांचं मानधन देतं. म्हणजे केस पिकले की सरकारदरबारी आम्ही कलावंत आहोत. अडचण पंचविशी ते पस्तिशीत आहे, आणि ती दहा वर्षं नेमकी तुमच्या पुस्तिकेच्या ताब्यात आहेत.

आता तुमची बाजू. मलाही आठवीतली मुलगी आहे. उद्या तिच्यासाठी क्लॅरोनेटवाल्याचं स्थळ आलं तर मी डोळे मिटून हो म्हणेन असं लिहिलं तर ते खोटं होईल. रात्री घरी किती वाजता येतो, हे मी विचारीन. पितो का, हेही विचारीन, कारण बँडच्या लाइनीत वरातीबरोबर बाटली फुकट मिळते आणि त्यात चांगले चांगले हात गेलेले मी पाहिलेत. डीजे आल्यापासून सुपाऱ्या किती घटल्या, बचतगटाचं कर्ज आहे का, आजारपणाचा विमा आहे का, सगळं विचारीन. हे प्रश्न रास्त आहेत. फक्त ते कंपनीवाल्यालाही विचारा. आणि विचारायला मिळावेत म्हणून आधी त्याच्या नावापुढे काय करतो ते छापा. कोऱ्या रकान्याला कोणी प्रश्न विचारत नाही. कोरा रकाना म्हणजे पोरगा रिकामटेकडा, एवढंच लोक वाचतात.

'कायम' या शब्दाबद्दलही मला थोडं बोलायचंय. माझे वडील एका सहकारी साखर कारखान्यात कायम होते. आईचं लग्न ठरलं तेव्हा मामांनी गावभर तोच शब्द सांगितला होता. पुढे कारखाना बंद पडला. थकलेल्या पगारासाठी वडील आणि त्यांचे सोबती कित्येक वर्षं मोर्चे काढत राहिले. त्या काळात घरात जो किराणा आला तो माझ्या तबल्यावर आला. आम्ही कुणी ते बोलून दाखवलं नाही, वडिलांनीही नाही. एकदा फक्त सखाराम महाराजांच्या यात्रेत, बोरी नदीच्या पात्रात एका भजनाला मी साथ करत होतो, तेव्हा ते शेवटपर्यंत मागे उभे राहिले. घरी येताना म्हणाले, "बोट सुजलंय, हळद लाव." मला नोकरीवर घेतल्याचं पत्र म्हणा हवं तर, ते तेवढंच.

मोसम बुडाल्याचं दुःख आम्हाला नवीन नाही. मार्च २०२० च्या अखेरीस टाळेबंदी लागली तेव्हा इसार घेऊन झाले होते. ते परत करावे लागले. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये राज्यात लग्न पंचवीस माणसांत आणि दोन तासांत उरकायचा नियम आला. पंचवीसात भटजी आणि फोटोवाला धरला की क्लॅरोनेटला जागा कुठली? माझा हा शागीर्द त्या दिवसांत सावद्याकडे केळीच्या गाड्या भरायला जात होता. बोटं जाड झाली, चाव्यांवर नीट बसेनात, पूर्ववत व्हायला चार महिने लागले. मला वाटतं एखाद्या गोष्टीला काम म्हणावं की नाही याची खूण तिथे सापडते. छंद सुटला तर माणसाला हुरहुर लागते. त्याच्या घरी चूल थांबली होती.

त्यातही एक विचित्र गोष्ट आपल्याच भागाची. बालगंधर्वांचं बालपण काही काळ जळगावात गेलं, याचा आपल्याला केवढा अभिमान. त्यांच्या नावाचं खुलं नाट्यगृह आहे, जानेवारीत त्यांच्या नावाचा संगीत महोत्सव भरतो, आणि मी दरवर्षी अमळनेरहून गाडी धरून ऐकायला जातो. पुढच्या रांगांमध्ये तुमच्यापैकी बरेच जण भेटतात. एका वर्षी मध्यंतरात तुमच्यातलेच एक जण मला म्हणाले, काय हात आहे त्या तबलजीचा, देवाची देणगी! मी हो म्हणालो. देणगी म्हटलं की बरं असतं. मजुरी काढावी लागत नाही.

तर मागणं असं आहे. पुढच्या अर्जात नोकरी, व्यवसाय, शेती यांच्याबरोबर 'संगीत' असा शब्द छापा. त्याखाली काय वाजवतो, कुठे शिकला, किती वर्षं, वार्षिक उत्पन्न किती, हे भरायला जागा द्या. खोटं भरलं तर बाकीच्यांना जो नियम तोच आम्हाला. मुलींच्या पुस्तिकेतही हेच करा. कारण माझ्या क्लासमधली एक मुलगी हार्मोनियमवर तीन भजनी मंडळं सांभाळते, तिच्या नावापुढे तुम्ही 'गृहकृत्यदक्ष' छापलंय. आणि मेळाव्यात गाणं ठेवणार असाल तर मंडपवाल्यासारखंच आम्हालाही विचारा, किती घेणार. पटलं तर सुपारी द्या, नाही पटलं तर मोबाइलवर गाणं लावा. आम्हाला राग येणार नाही.

शागिर्दाचं काय झालं ते सांगायचं राहिलं. पुस्तिका आल्यावर दोन महिन्यांनी तो सुरतेला गेला. एका कापडाच्या दुकानात माल मोजून गठ्ठे बांधतो, सोळा हजार मिळतात, खोलीभाड्याला पाच जातात. तुमच्या दुसऱ्या मेळाव्यात त्यानं 'नोकरी, सुरत' असं भरलं आणि आठवड्यात दोन स्थळांचे फोन आले. क्लॅरोनेट माझ्या क्लासमध्ये खुंटीला आहे. आखाजीच्या वेळी मात्र तो आठ दिवस सुरतेहून आजारी पडून आला होता. आजार काय होता ते मी त्याच्या मालकाला कळू देणार नाही, पण सात सुपाऱ्या होत्या.

आपला,
एक तबलावादक (२६५२), अमळनेर

ता. क. माझ्या कपाटात अशा सत्काराच्या एकोणचाळीस शाली आहेत, बऱ्याचशा घडीही न मोडलेल्या. पुढच्या मेळाव्यात पाहुण्यांसाठी लागल्या तर घेऊन जा. बाजारात काय भाव आहे ते मी विचारून ठेवलंय, त्यापेक्षा कमी लावीन.